एमएसचा थकवा: दुपारनंतर गाडी बंद, मदत हवी आहे

रिलॅप्सिंग-रेमिटिंग एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूचा आजार; माझा प्रकार अधूनमधून उसळून ओसरणारा), निदानाला 4 वर्षं झाली. सकाळी ठीक असते, पण दुपारी दोननंतर टाइप करताना बोटं अडखळतात, साधा शब्दही आठवत नाही. गरम पाण्याने आंघोळ केली तर हे सकाळीच सुरू! (घरचे म्हणतात, "जरा पड." पडून काही होत नाही.)

हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी12 नॉर्मल. झोप सात तास. नवा रिलॅप्स (आजाराची उसळी) नाही, असं न्यूरोलॉजिस्ट म्हणतात. थकव्यासाठी अमँटाडिन 2 महिने घेतलं, फरक शून्य. तूर्त आणखी गोळी नको आहे.

बैठी नोकरी आहे, सोडता येणार नाही. कूलिंग व्हेस्ट (अंग गार ठेवणारं जाकीट) वापरून, थकवा यायच्या आधीच ठरवून विश्रांती घेत ज्यांनी काम सांभाळलंय, त्यांना विचारते: किती वेळाने थांबता, आणि व्हेस्टचा गारवा प्रत्यक्षात किती टिकतो?