ओढ्याचा पूरविसर्ग एवढा कमी कसा?

प्रश्न: पुण्याच्या बाजूला ओढ्याकाठी गटारयोजना आखतोय. पाणलोट १८० हेक्टर, ओढ्याची लांबी २,४०० मीटर, वरच्या टोकापासून खालपर्यंतचा उतार ३६ मीटर. दिवसाचा पाऊस १२० मिमी भागिले २४, म्हणजे तासाला ५ मिमी. गुणांक (पावसाचा वाहून जाणारा हिस्सा) ०.६ धरून विसर्ग सेकंदाला जेमतेम १.५ घनमीटर येतो. काठावरच्या पुराच्या खुणेशी हे जुळत नाही.

उत्तर १: चूक २४ ने भागण्यात आहे. पूर येतो तो तासाभराच्या सरीने. आधी पाणी गोळा व्हायचा वेळ, म्हणजे पाणलोटाच्या लांबच्या टोकापासून पाणी इथवर यायला लागणारा वेळ, काढा. त्यासाठी किरपिच सूत्र: ०.०१९५ × लांबी^०.७७ × उतार^−०.३८५ (लांबी मीटरमध्ये, उतार म्हणजे ३६ ÷ २,४०० = ०.०१५). तुमच्या ओढ्याला ३९ मिनिटं येतात. तेवढ्या कालावधीची, २५ वर्षांतून एकदा येणारी पावसाची तीव्रता जवळच्या स्वयंलेखी पर्जन्यमापकाच्या नोंदींवरून घ्या. ती समजा तासाला ८० मिमी निघाली, तर ०.६ × ८० × १८० ÷ ३६० = सेकंदाला २४ घनमीटर (३६० ने भागणं एककं बदलण्यासाठी). सोळापट! आणि गुणांक आजच्या माळरानाचा नको, पुढे होणाऱ्या बांधकामाचा धरा.

उत्तर २: खुणेवरून पडताळा घ्याच. पात्र ६ मीटर रुंद, खूण तळापासून १.६ मीटर, तिथला उतार ०.००८, झुडपं-दगडांसाठी मॅनिंगच्या सूत्रातला खडबडीतपणाचा गुणांक ०.०३५ धरला तर सेकंदाला साधारण २५ घनमीटर येतात. मात्र खूण रस्त्याखालच्या मोरीच्या वरच्या अंगाची नको. तिथे प्लास्टिक, फांद्या अडकून पाणी तुंबतं आणि आकडा फुगतो.

उत्तर ३: मुंबईतली जुनी गटारं तासाला २५ मिमी पावसासाठीची होती, ब्रिमस्टोवॅडने (तिथल्या पावसाळी गटारांच्या सुधारणेचा प्रकल्प) ५० सुचवले. ते आकडे इथे उचलू नका.