मदत हवी आहे: इन्स्टाग्रामवर बंद पडलेल्या खात्याकडून संस्थेचं नाव मिळवता येतं का?

आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या नावाचं हँडल (@ नंतरचं युजरनेम) इन्स्टाग्रामवर आधीच कुणीतरी घेतलंय. खात्यावर एकही पोस्ट नाही, फोटो नाही. मेसेज केला, तो वाचलेलाही दिसत नाही. आमच्यापैकी कुणी ते उघडलेलं नाही, त्यामुळे पासवर्ड रिकव्हरीचा प्रश्न नाही.

नियम वाचले. खातं नुसतं निष्क्रिय आहे म्हणून इन्स्टाग्राम नाव दुसऱ्याला देत नाही, ट्रेडमार्कचा भंग होत असेल तर मात्र तक्रारीचा फॉर्म आहे. संस्था नोंदणीकृत आहे, पण ट्रेडमार्क नाही. क्लास 41 मध्ये (शिक्षण-मनोरंजन सेवांचा ट्रेडमार्क वर्ग) अर्ज करायची तयारी आहे.

दलालाकडून हँडल विकत घ्यायचं नाही, ते नियमात बसत नाही आणि पैसे बुडायची भीती वेगळीच. मागे अंडरस्कोर लावायचा पर्याय माहीत आहे, पण तिकिटं आणि फलकांवर वर्षानुवर्षं एकच नाव छापलं जातंय, म्हणून तेच हवंय.

ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सांगा: तक्रारीसाठी नुसता ट्रेडमार्क अर्जाचा क्रमांक चालतो की नोंदणी प्रमाणपत्रच लागतं? आणि तक्रार मान्य झाल्यावर हँडल आपल्याला मिळतं, की फक्त ते खातं बंद होऊन नाव तसंच अडकून राहतं?