रात्रीचा बार: ठासणी, काडतूस की रायफल?

कलमबाग
दोडामार्ग तालुक्यात आमची काजूची बाग आहे, घर बागेतच. सध्या रात्री दीड-दोनच्या सुमारास डोंगराच्या अंगाने बार ऐकू येतात. कधी एकच, कधी लागोपाठ दोन. शेजारी म्हणतात हत्ती हाकलायचे फटाके असतील, आमचा गडी म्हणतो पारधीवाले, म्हणजे चोरून शिकार करणारे. नुसत्या आवाजावरून बंदूक ओळखता येते का? कुत्रा रात्री मोकळा असतो, म्हणून काळजी वाटते.

तळकोकणी
ताई, येते. पण एका बारावर पैज लावू नका, दुसऱ्याची वाट बघा.

आमच्या वडिलांकडे शेती संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. रात्री खळ्यात बसून ते बार कुठल्या वाडीतला ते सांगायचे. त्यांचं म्हणणं, ‘ठासणीचो बार पोटात बसता, काडतुसाचो कानात.’ ठासणीत काळी दारू असते. ती काडतुसातल्या दारूपेक्षा सावकाश जळते, म्हणून आवाज जाड येतो, ‘ढुम्म’, आणि मागे थोडा घुमत राहतो. बारा बोअरचा, म्हणजे काडतुसाच्या बंदुकीचा, बार कोरडा. ‘ठाप्’ की संपला.

पण तुमच्यासारख्या दरीतल्या जागेत जाड-बारीक सगळं एक होतं. मी म्हणून दोन बारांमधला वेळ बघतो. ठासणी उडाली की पुन्हा नळीत दारू ओतायची, चिंधी नाहीतर काथ्या गजाने ठासायचा, छर्रे, वर पुन्हा बोळा, मग केप, म्हणजे ठिणगी देणारी छोटी टोपी, चढवायची. अंधारात सराईत हातालाही मिनिटभर लागतंच. तेव्हा लागोपाठ दोन आले तर एक तर माणसं दोन, नाहीतर दुनळी. दुनळीचे बार जुळे असतात, कारण काडतूस कारखान्यात मापून भरलेलं. ठासणीत दारू अंदाजाने पडते, त्यामुळे एकाच बंदुकीचा आजचा बार कालच्यासारखा येईलच असं नाही. आणि जवळ असाल तर बाराच्या आधी केपेची बारीक ‘टिक्’ कानावर येऊ शकते. पावसात कधीकधी तेवढीच येते, आत दारू दमटलेली!

दुसरा आवाज पहिल्यापेक्षा मऊ आणि दर वेळी तेवढ्याच अंतराने येत असेल, तर तो कड्यावरून परतलेला पहिलाच.

माजी_सुभेदार
वरचं पटलं. रायफलची भर घालतो. रायफलची गोळी आवाजापेक्षा वेगाने जाते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर, आणि ३१५ बोअरच्या रायफलची गोळी नळीतून सुटताना जवळपास त्याच्या दुप्पट. त्यामुळे गोळी तुमच्या बाजूने गेली तर आधी हवेत ‘फाट्’ असा चाबूक वाजतो, मागून नळीचा ‘धम्म’ येतो. दोन्हींत जितकं अंतर, तितका मारणारा लांब. पायदळात आम्हाला यावरूनच अंतर काढायला शिकवायचे. पण रायफलच्या मागच्या बाजूला असाल तर फाट् नाहीच, फक्त धम्म. म्हणजे ‘फाट्’ ऐकू आला तर नळी साधारण तुमच्याकडे वळलेली आहे असं समजा आणि बाहेर डोकावू नका. छऱ्यांचं तसं नाही. नळीतून निघताना वेग असतो, पण थोड्याच अंतरात तो आवाजाच्या खाली येतो.

वानरत्रस्त
पीव्हीसी पाइपची कार्बाइड गन विसरलात! आम्ही रोज उडवतो. पाण्यात कार्बाइड, गॅस भरला की लायटर. पोकळ ‘भक्क’ येतो आणि एकाच जागेवरून पुन्हापुन्हा येतो. पण ती वानरांसाठी, आणि वानरं रात्री झोपतात. दीड वाजता कोण उडवेल? (नळीत डोकावू नये. डोळे जातात.)

रानवाट
बंदुकीपेक्षा मला दुसरीच भीती वाटते. डुकरासाठी गावठी बॉम्ब ठेवतात, पिठाच्या नाहीतर चरबीच्या गोळ्यात. जनावराने चावला की फुटतो. एकच दबका आवाज, बहुतेक जमिनीलगत, पुढेमागे काही नाही. कुत्रा रात्री बांधा. सकाळी बागेत असा गोळा दिसला तर हात लावू नका, काठीने ढोसू नका. परवानगीशिवाय शिकार १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. वनखात्याचा १९२६ क्रमांक आहे, तिथे कळवा.

कलमबाग
काल जागी राहिले. दोन बार, अगदी चिकटून, दोन्ही सारखेच कोरडे. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा तसेच दोन. चाबकासारखं काही नव्हतं. कुत्रा पडवीत बांधलाय, रात्रभर भुंकून त्याने आम्हालाही बांधून ठेवलं.

तळकोकणी
मग दुनळीच, आणि माणूस निवांत आहे. हत्तीचे फटाके असते तर आधी माणसांचा ओरडा, डबे, बॅटऱ्या दिसल्या असत्या. तुमच्याकडे आता निवडणुकीची आचारसंहिता आहे ना? आमच्याकडे तेव्हा परवान्याच्या बहुतेक बंदुका ठाण्यात जमा होतात. तिथे कोणाची जमा व्हायची राहिलीय, हे पोलीस पाटलांना ठाऊक असेल. तुम्ही स्वतः डोंगरात जाऊ नका. त्यांना वेळ आणि दिशा लिहून द्या, आणि १९२६वरही सांगा.