गॅरेजच्या माळ्यावर हलकं सामान ठेवायचंय, सल्ला हवाय

तिरफळ
नमस्कार मंडळी. आम्ही डॅलसजवळ राहतो, गॅरेज दोन गाड्यांचं आहे म्हणजे म्हणायला दोन, प्रत्यक्षात एकच गाडी आत येते कारण दुसऱ्या जागी आठ रिकाम्या बॅगा, गणपतीचं मखर (फोमचं, तीन तुकड्यांत), दिवाळीच्या माळांचे डबे, मुलांची जुनी खेळणी आणि नवऱ्याची इंजिनियरिंगची पुस्तकं जी तो टाकूनही देत नाही आणि उघडूनही बघत नाही. मागे अंगणात शेड घालू का विचारलं तर एचओए (आमच्या वस्तीची घरमालक संघटना) नाही म्हणाली. गॅरेजच्या छताला एक झाकण आहे, परवा शिडी लावून डोकं आत घातलं तर वर ही एवढी जागा! खाली टू-बाय-फोरची (दोन बाय चार इंची) लाकडं आणि मधे सगळा इन्सुलेशनचा कापूस. नवरा म्हणतो प्लायवुड टाकू, ओढायची शिडी बसवू, एका वीकेंडचं काम आहे. मधे दोन तिरक्या काठ्या येतात त्या कापल्या की सलग जागा होईल असंही त्याचं म्हणणं. कोणी केलंय का असं? किती वजन चालतं?

निवांत
आम्ही सहा वर्षांपूर्वी केलंय, काही झालेलं नाही. प्लाय टाका नि मोकळे व्हा. काठ्या मात्र आम्ही कापल्या नव्हत्या.

रंधा
तिरफळ, आधी नवऱ्याच्या हातातली करवत काढून घ्या, मग पुढचं वाचा :)
त्या तिरक्या काठ्या अडगळ नाहीत. तुमचं छप्पर ट्रसचं आहे, आपल्याकडे सुतार कैची म्हणतात तेच. वरची दोन लाकडं, खालचं आडवं आणि मधल्या तिरक्या काठ्या असा एकच सांगाडा असतो, त्यातली एक काठी गेली की तिचा भार दुसरीकडे सरकतो आणि जिकडे सरकतो तिकडचं लाकूड त्यासाठी केलेलं नसतं. कापायचं नाही, खाच पाडायची नाही, मोठं भोक नाही. सांध्यांवर दातेरी पत्रे दिसतील, त्यांच्यावर स्क्रू किंवा खिळा मारायचा नाही.
आता वजन. अमेरिकेतल्या निवासी कोडमधे (घरबांधणीच्या नियमांत) जिथे सामान ठेवायचं नाही अशा माळ्याला चौरस फुटाला १० पौंड धरतात, थोडंफार ठेवायचं असेल तर २०. ट्रसच्या काठ्यांच्या मधे ४२ इंच उंच आणि २४ इंच रुंद खोका मावत असेल तर तो माळा २० वाल्यात मोडतो. पण कोडमधे काय आहे आणि तुमचं घर बांधताना काय धरलं होतं या दोन वेगळ्या गोष्टी, घर जुनं असेल तर जास्तच. ट्रसचं ड्रॉइंग असतं, त्यावर खालच्या लाकडाला किती भार धरलाय ते लिहिलेलं असतं. ते बिल्डरकडे किंवा शहराच्या बिल्डिंग खात्यात मिळतं का विचारा. नाही मिळालं तर स्ट्रक्चरल इंजिनियरला एकदा बोलवा, नाहीतर १० च धरून चाला.

तिरफळ
बापरे. त्याला वाचून दाखवलं. १० पौंड म्हणजे नक्की किती हो, माझ्या डोळ्यासमोर काही येत नाहीये.

रंधा
विमानाच्या बॅगेने सांगतो. चार बाय आठ फुटांचं एक प्लायवुड म्हणजे ३२ चौरस फूट, त्यावर एकूण ३२० पौंड. पाऊण इंची प्लायचंच वजन ७० च्या आसपास जातं, राहिले २५०. म्हणजे २३ किलोच्या (५० पौंडांच्या) भरलेल्या पाच बॅगा, झालं. आणि त्यात वर चढलेला माणूसही आला. रिकामी मोठी बॅग दहा-बारा पौंडांची, त्यामुळे तुमच्या आठ बॅगा आणि मखर आरामात बसतं. पुस्तकांचं तसं नाही. प्रिंटरच्या कागदाचा दहा रीमचा खोका आठवा, ५० पौंडांचा असतो आणि जागा अडवतो जेमतेम सव्वा चौरस फूट. असे दोन एकावर एक रचले की गणित कुठल्याकुठे जातं. पुस्तकं खालीच ठेवा.
आणि एक गैरसमज बऱ्याच जणांचा असतो की प्लाय टाकलं म्हणजे माळा मजबूत झाला. प्लाय वजन पसरवतं फक्त, खालचं लाकूड होतं तेवढंच राहतं, उलट प्लायचाही भार त्याच्यावरच येतो.

पेंगुळगाडी
माझा अनुभव लिहिते. मागच्या घरी माळ्यावर ख्रिसमसचं झाड ठेवायला मी चढले, उजवा पाय लाकडावर होता आणि डावा मी कापसावर ठेवला. कापसाखाली अर्ध्या इंचाचं ड्रायवॉल (छताचा जिप्समचा तक्ता) असतं, बाकी काही नाही. मांडीपर्यंत पाय खाली गाडीच्या बॉनेटवर लोंबकळतोय, वर मी दोन्ही हातांनी लाकूड धरून आणि खालून मुलगा विचारतोय आई तू तिथे काय करतेस. लागलं फारसं नाही पण भोक बुजवणाऱ्याने हसत हसत बिल दिलं ते अजून लक्षात आहे. लाकडावरच पाय ठेवा, एक फळी बरोबर ठेवून तिच्यावर गुडघे टेकून सरका. मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, नाहीतर दोन दिवस खाजवत बसाल. आणि पहाटे करा हो! टेक्सासात उन्हाळ्याच्या दुपारी माळ्यावर १३० फॅरनहाइटच्या वर जातं, माणूस वरच गरगरून पडायचा.

आजोबा_गुहागर
मी तिकडचा नाही, मुलीकडे येऊन जाऊन असतो. आमच्या जुन्या घरात माळ्यावर नारळ असायचे, वडील सांगायचे रास भिंतीला धरून घाला, तुळईच्या मधोमध नको. तोच नियम तुमच्याकडेही लागेल असं वाटतं.

रंधा
अण्णा, शंभर टक्के. लाकूड वाकतं ते मधे, टेकू असतो भिंतीवर. जड त्यातल्या त्यात भिंतीकडे, मधे मखर आणि रिकाम्या बॅगा. फक्त छप्पर जिथे भिंतीला टेकतं तिथल्या हवेच्या फटी सामानाने बंद करू नका.

निवांत
रंधा, मग छताला लटकवायचे लोखंडी रॅक मिळतात त्याचं काय? त्यावर तर सहाशे पौंड लिहिलेलं असतं.

रंधा
ते रॅक सहाशे पेलतो, तुमचं छत पेलतं असं कुठे म्हटलंय :) तो त्याच खालच्या लाकडाला लटकतो. जड सामानाला भिंतीवरचं शेल्फ बरं, खालपासून उभं केलेलं, म्हणजे भार सरळ जमिनीत.
तिरफळ, शिडीबद्दल राहिलं. ट्रस २४ इंचांवर असतील तर दोघांच्या मधे साडेबावीस इंच सापडतात, त्यात बसणारी शिडी मिळते. एकही ट्रस कापावा लागेल अशी घेऊ नका. दुसरं, गॅरेजचं छत हे आगीपासूनचं आडकाठीचं काम करतं, विशेषतः घराचा माळा आणि गॅरेजचा माळा वर एकच असेल तर. शिडीचं दार पातळ प्लायचं असलं की तिथेच आगीला वाट मिळते. तुमच्या शहरात परमिट लागतं का ते फोन करून विचारा आणि शिडीचं दार त्यात चालतं का तेही. पेट्रोलचा डबा, रंग, गॅसचा सिलिंडर वर अजिबात नाही. मेणबत्त्या, फोटो, कॅसेटीही नको, वितळतील.
प्लाय ठोकू नका, स्क्रू मारा. हातोड्याच्या धक्क्याने खालच्या छताचे स्क्रू सुटून पांढरे ठिपके वर येतात. अख्खं प्लाय झाकणातून वर जाणार नाही, दोन बाय चार फुटांचे तुकडे कापून घ्या. लाकडांवरून वायर गेली असेल तर ती प्लायखाली चेपायची नाही.

तिरफळ
दोन आठवड्यांनी येतेय. शहराच्या कार्यालयात ड्रॉइंगची फाइल मिळाली, आमच्या ट्रसवर १० च लिहिलंय. नवऱ्याने ते तीनदा वाचलं आणि करवत गपचूप कपाटात ठेवली. शिडीचा बेत रद्द, आहे ते झाकण आणि दोन पायांची शिडी पुरे. भिंतीकडच्या बाजूला फक्त आठ बाय आठ फूट एवढंच प्लाय टाकलं, मधोमधचं कापूस तसंच ठेवलं. सकाळी सहाला सुरू करून नऊला खाली उतरलो. मखर, बॅगा आणि माळांचे डबे वर गेले, पुस्तकांना भिंतीवर शेल्फ केलं. सासूबाईंनी रत्नागिरीहून आणलेला पाटा मात्र गॅरेजच्या जमिनीवरच आहे, तो वर न्यायची नवऱ्याने इच्छा व्यक्त केली होती.

पेंगुळगाडी
पाटा!! :हहपुवा:

रंधा
पाट्यावर ओल्या नारळाची चटणी करा, जागा आपोआप वसूल. प्लायच्या कडेला लाल टेप लावून ठेवा, पुढच्या वर्षी मखर काढायला अंधारात चढाल तेव्हा प्लाय कुठे संपतं ते दिसेल.