१ नोट्रंपनंतर बोली कुठे चुकते? तीन पानं आणि काही प्रश्न

फोंडा_दक्षिण

आमची चौघांची ब्रिजची बैठक आता चवथीच्या सुट्टीत रोज बसेल. त्याआधी एक गोष्ट पक्की करायची आहे. ओपनिंग (पहिली बोली) १ नोट्रंप, म्हणजे बिनहुकमी, म्हणजे १५ ते १७ पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) आणि बॅलन्स्ड (कुठलाच रंग फार आखूड नाही). कन्व्हेन्शन (ठरवलेल्या अर्थाच्या बोली) दोनच: स्टेमन, म्हणजे २ किलवर म्हणून ओपनरला चार पानांची मेजर (इस्पिक किंवा बदाम) विचारणं, आणि जॅकोबी ट्रान्सफर, म्हणजे खालचा रंग म्हणून ओपनरकडून आपला रंग म्हणवून घेणं (२ चौकट म्हणजे बदाम, २ बदाम म्हणजे इस्पिक). एवढं साधं ठेवूनही याच ओपनिंगनंतर सर्वांत जास्त डाव बिघडतात. तीन नमुने देतो, तिन्ही रिस्पॉन्डरची, म्हणजे ओपनरच्या भिडूची पानं. समोरून भिडूने १ नोट्रंप म्हटलंय, विरोधक गप्प.

पहिला: इस्पिक ७-४, बदाम गुलाम-९-६-५-३, चौकट ८-५-२, किलवर ९-७-४. एकच पॉइंट म्हणून पास.

दुसरा: इस्पिक राजा-गुलाम-७-५, बदाम एक्का-राणी-८-६-२, चौकट ७-३, किलवर ९-४. पाच बदाम म्हणून २ चौकट असा ट्रान्सफर, २ बदाम आले, मग ३ नोट्रंप. ओपनरकडे होतं: इस्पिक एक्का-राणी-६-४, बदाम राजा-५, चौकट एक्का-राजा-८-२, किलवर ८-६-३.

तिसरा: १६ पॉइंट, ४-३-३-३. सरळ ४ नोट्रंप. ओपनरने ब्लॅकवुड (एक्के विचारणारं ४ नोट्रंप) समजून एक्के सांगितले आणि डाव ६ नोट्रंपला जाऊन बुडाला.

प्रत्येक ठिकाणी नेमकी चूक कोणाची आणि का? शिवाय मध्येच विरोधकाने बोली लावली तर स्टेमन, ट्रान्सफर चालू ठेवायचे की नाही?

मडगावचा_डमी

दक्षिणबाब, तिन्ही डावांत मुळाशी एकच गोष्ट आहे. १ नोट्रंप म्हणणाऱ्याने आपली पानं तीन पॉइंटांच्या पट्ट्यात सांगून टाकलेली असतात. त्याच्या भिडूबद्दल मात्र अजून कोणालाच काही कळलेलं नसतं. म्हणून कप्तान रिस्पॉन्डर. कप्तानाने पहिली बोली टाकण्याआधी दुसरी ठरवलेली असायला हवी: "ओपनर हे म्हणाला तर मी काय म्हणणार, ते म्हणाला तर काय." हा विचार झाला नाही की दुसऱ्या फेरीत हात अडकतो.

पहिला डाव. ट्रान्सफरला पॉइंट लागत नाहीत. शून्य असले तरी चालतात. ही पाच बदाम १ नोट्रंपमध्ये एकही हात देणार नाहीत, कारण तिथपर्यंत पोचायला डमीत (भिडूच्या उघड्या पानांत) एन्ट्रीच, म्हणजे हात जिंकून देणारं पानच नाही. तीच बदाम हुकूम झाली की शेवटच्या एकदोन हुकुमांनी कापायला तरी मिळतं. २ चौकट, मग २ बदामवर पास. इथे दुसरी बोली 'पास' हीच ठरलेली आहे. कमजोर पानांवरच ट्रान्सफरचा खरा उपयोग, आणि नेमक्या तिथेच लोक तो विसरतात.

दुसऱ्या डावात चूक पूर्णपणे रिस्पॉन्डरची. पाच-चार मेजर आणि गेमची (३ नोट्रंप, ४ बदाम किंवा ४ इस्पिक म्हणण्याइतकी) ताकद असेल तर ट्रान्सफर नाही, स्टेमन. २ किलवर विचारा. २ बदाम आले तर ४ बदाम, २ इस्पिक आले तर ४ इस्पिक. २ चौकट आले, म्हणजे चारची मेजर नाही, तर ३ च्या पातळीवर उडी. साध्या पद्धतीत उडी पाचच्या रंगात, म्हणजे ३ बदाम. स्मोलेन खेळत असाल तर चारच्या रंगात, म्हणजे ३ इस्पिक. मग तीन बदाम असलेला ओपनर ४ बदाम म्हणतो आणि तगडी पानं झाकलेली राहतात. स्मोलेन एका संध्याकाळी अंगवळणी पडतं, जरूर घ्या.

तुमच्या डावात काय झालं असतं बघा. ३ नोट्रंपमध्ये किलवर ९-४ समोर ८-६-३. विरोधकांकडे आठ किलवर, ती ५-३ फुटली की सुरुवातीचेच पाच हात गेले. ४ इस्पिकमध्ये दोन किलवर जातात, तिसरं कापलं जातं. ४-४ चा मेजर फिट (दोघांकडे त्या रंगाची चार-चार पानं) नोट्रंपपेक्षा बहुतेक वेळा एक हात जास्त देतो, तो असा.

एक अपवाद. तुमचं वाटप ४-३-३-३ असेल आणि गेमपुरते पॉइंट असतील तर चारची मेजर असूनही सरळ ३ नोट्रंपचा विचार करा. कापायला आखूड रंगच नसल्याने तो जादा हात यायचा कुठून? विरोधकांना ओपनरच्या पानांची फुकट माहिती मात्र मिळते.

तिसरा डाव. नोट्रंपवर थेट ४ नोट्रंप म्हणजे ब्लॅकवुड नाही. तो प्रश्न आहे: "वरच्या टोकाला आहेस का?" स्लॅमला (६ च्या बोलीला) दोघांचे मिळून ३३ लागतात. १६ आणि १५ म्हणजे ३१, पास. १६ आणि १७ म्हणजे ३३, सहा. मधल्या १६ वर पानांकडे बघून ठरवायचं: पाचचा चांगला रंग, दश्श्या-नव्व्या असतील तर पुढे, नुसते राण्या-गुलाम असतील तर पास. एक्के विचारायचे असतील तर ४ किलवर, गर्बर.

ट्रान्सफरनंतरचा ४ नोट्रंपही तसाच. १ नोट्रंप – २ बदाम – २ इस्पिक – ४ नोट्रंप म्हणजे पाच इस्पिक आणि स्लॅमचं आमंत्रण. इस्पिक पक्की करून एक्केच विचारायचे तर टेक्सास लागतो: ४ बदाम, ओपनर ४ इस्पिक, मग ४ नोट्रंप. हा फरक भिडूशी बोलून ठेवला नसेल तर हा डाव पुन्हा बुडणार.

डिचोली_एक्का

रिस्पॉन्डरचं झालं. ओपनरच्या चुकाही कमी नसतात.

पहिली म्हणजे ट्रान्सफर मोडणं. हातात बदाम दोनच, म्हणून २ चौकटवर २ नोट्रंप म्हणणारे आहेत. ते कधीच करायचं नाही. समोर शून्य पॉइंट असू शकतात, वरच्याच डावासारखे. दोन पानांवरही २ बदाम म्हणायचंच. ३ बदामची उडी फक्त चार बदाम आणि १७ पॉइंट असतील तेव्हा.

दुसरी. ट्रान्सफर पूर्ण झाल्यावर रिस्पॉन्डर ३ नोट्रंप म्हणतो, म्हणजे "माझ्याकडे पाच आहेत, तू निवड". ओपनरकडे तीन असतील तर मेजरचा गेम, दोन असतील तर पास. २ नोट्रंप म्हटलं तर ते ८-९ पॉइंटचं आमंत्रण. कमी ताकद आणि दोन पानं असतील तर पास, कमी ताकद आणि तीन असतील तर रंग ३ च्या पातळीवर, वरच्या टोकाला असाल तर दोन पानांवर ३ नोट्रंप, तीनवर मेजरचा गेम.

तिसरी चूक स्टेमनची, आणि अनुभवी जोड्याही ती करतात. ओपनरकडे दोन्ही मेजर चार-चार. तो आधी २ बदाम म्हणतो, रिस्पॉन्डर ३ नोट्रंप. ओपनर पास करतो आणि ४ इस्पिक हातचं जातं. रिस्पॉन्डरला बदाम नकोत, तरी त्याने स्टेमन विचारला, म्हणजे त्याच्याकडे चार इस्पिक असणारच. ४ इस्पिक म्हणायलाच हवं. रिस्पॉन्डर २ नोट्रंपवर थांबला असेल तर ताकदीप्रमाणे ३ किंवा ४ इस्पिक.

कमजोर पानांवर स्टेमन करायचा असेल तर एकच कसोटी: २ चौकट, २ बदाम, २ इस्पिक या तिन्ही उत्तरांवर पास करता येईल का? ४-४-४-१ आणि किलवर एकच असेल तर येईल. चार इस्पिक, दोन बदाम, दोन चौकट, पाच किलवर असतील तर नाही. २ बदाम आले की पळायला जागा नाही. अशा वेळी आधीच पास.

आणि १ नोट्रंप – ३ नोट्रंप झालं की ओपनरने तोंड उघडायचं नाही. पाच चांगली बदाम हातात आहेत म्हणून ४ बदाम म्हणणं म्हणजे कप्तानाचा निर्णय ओढून घेणं.

पर्वरी_पूर्व

विरोधकाच्या बोलीबद्दल कोणी लिहिलं नाही, ते घेतो.

विरोधकाचा डबल (गुण दुप्पट करणारी बोली) आला तर सोपा करार: सगळं जसंच्या तसं चालू. स्टेमन, ट्रान्सफर दोन्ही. रीडबल म्हणजे ताकद, इथेच खेळू. २ किलवरची बोली आली तर डबल म्हणजे स्टेमन, बाकी ट्रान्सफर तसेच. २ चौकट किंवा त्यावर काहीही आलं की ट्रान्सफर बंद. इथेच गोंधळ होतो: एकाला वाटतं चालू आहे, दुसऱ्याला वाटतं बंद. २ च्या पातळीवरचा नवा रंग नैसर्गिक आणि कमजोर, ३ च्या पातळीवरचा गेमपर्यंत नेणारा.

मग मध्यम-कमजोर पानांवर ३ चौकटवर थांबायचं कसं? त्यासाठी लेबेनसोल. २ नोट्रंप म्हटलं की ओपनरने ३ किलवर म्हणायचंच, मग तुम्ही पास करा किंवा आपला रंग सांगून थांबा. थेट ३ नोट्रंप म्हणजे विरोधकाच्या रंगात अडसर (तो रंग अडवणारं पान) नाही, २ नोट्रंपच्या वाटेने ३ नोट्रंप म्हणजे अडसर आहे. विरोधकाचाच रंग ३ ला म्हणणं हा स्टेमन, अडसराचा नियम तसाच. उलटही खेळतात, पण जोडीत एकच हवं. डबल दंडाचा की टेकआउट (भिडूला रंग सांगायला लावणारा), हेही ठरवून लिहून ठेवा.

एक नियमाची गोष्ट. तुम्ही ट्रान्सफर विसरून खरी बदाम म्हणून २ बदाम टाकलं, भिडूने अलर्ट करून (बोलीचा खास अर्थ विरोधकांच्या लक्षात आणून देत) "इस्पिक" सांगितलं आणि २ इस्पिक म्हटलं. अलर्टमुळे तुम्हाला चूक आठवली, पण ती आठवण वापरता येत नाही. ब्रिजच्या नियमावलीतले कायदा १६ आणि ७३ स्पष्ट आहेत. भिडूने स्वतःहून इस्पिक दाखवली आहेत असं समजूनच पुढची बोली ठरवायची. भिडूने तुमच्या बोलीचं चुकीचं स्पष्टीकरण दिलं असेल आणि डाव तुमची बाजू खेळणार असेल, तर बोली संपल्यावर, पहिलं पान पडण्याआधी डायरेक्टरला (स्पर्धेच्या पंचाला) बोलावून दुरुस्ती सांगा. बचावाला असाल तर डाव खेळून झाल्यावर. घरच्या बैठकीतही ही सवय ठेवा, स्पर्धेत मग धांदल होत नाही.

फोंडा_दक्षिण

फार उपकार. आता कुठे कळलं की दुसऱ्या डावात ओपनरचं काही चुकलं नव्हतं. शेवटचं एक: २ नोट्रंप ओपनिंगवर हेच सगळं एक पातळी वर लावायचं का?

मडगावचा_डमी

हो. २०-२१ वर ३ किलवर स्टेमन, ३ चौकट आणि ३ बदाम ट्रान्सफर. फरक एवढाच की आमंत्रणाला जागा नाही, त्यामुळे पाच पॉइंटला गेम म्हणायचा. २ किलवर – २ चौकट – २ नोट्रंप, म्हणजे २२ ते २४, त्यावरही तेच. पण १ किलवर – १ बदाम – १ नोट्रंप नंतरचं २ किलवर हा स्टेमन नव्हे. तिथे ओपनर १२ ते १४ चा असतो आणि चार इस्पिक असती तर बहुतेकांनी १ इस्पिक म्हटलं असतं. ती बोली वेगळी ठरवून घ्या.

सरावासाठी: १६ पॉइंटची बॅलन्स्ड पानं निवडून ओपनरला द्या, उरलेली ३९ पिसून तिघांना वाटा. प्रत्येक वाटपात रिस्पॉन्डरने पहिली बोली टाकण्याआधी दुसरी कागदावर लिहायची, मग बोली सुरू करायची. असे वीस डाव एका बैठकीत होतात, खेळायची गरज नाही.