यॉटवरून अभयारण्ये पाहणे: निसर्गप्रेम की चैन?

गोदाकाठचा भटक्या:

आम्हा सहा मित्रांच्या गटात सध्या एक बेत शिजतो आहे आणि त्यावरून आमच्यातच दोन तट पडले आहेत, म्हणून विषय येथे मांडतो. ऑक्टोबरअखेरीस हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर जायचे, तेथे स्किपर म्हणजे नौका चालवणाऱ्यासह एक कॅटामरान, म्हणजे जोडसांगाड्याची शिडाची यॉट, आठवडाभर भाड्याने घ्यायची, राहणे-जेवण तिच्यावरच करायचे आणि प्रालाँ, क्युरियुज, कझिन, ला दिग अशी एकेक बेटे करत तेथील राखीव जंगले व सागरी उद्याने पाहायची, असा तो बेत आहे. गटातील दोघांचे म्हणणे असे की, ही निव्वळ चैन आहे आणि तिला निसर्गप्रेमाचा मुलामा देऊ नये.

मला हे पटत नाही. बेटांवरची अभयारण्ये पाहायची तर क्रूझ जहाज, रिसॉर्ट आणि लहान नौका यांपैकी काहीतरी निवडावेच लागते. मोठे क्रूझ जहाज एका सकाळी एवढी माणसे उतरवते की, बेटावर जत्रा भरावी. रिसॉर्टला जमीन, रस्ता, गोडे पाणी आणि सांडपाण्याची सोय त्या चिमुकल्या बेटावरच लागते. सात-आठ माणसांची यॉट यातले फारसे काही मागत नाही.

शिवाय आपण भरलेल्या प्रवेशशुल्काचे काय होते, हे कझिनवर स्पष्ट दिसते. हे बेट १९६८ पर्यंत नारळाची बाग होते. सेशेल्स वॉर्बलर हा वटवट्यासारखा लहानसा पक्षी जगात फक्त तेथेच उरला होता आणि त्याची संख्या तिसाच्याही आत आली होती. पक्षिसंरक्षणासाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ते बेट त्या वर्षी विकत घेतले, नारळ हटवून मूळचे जंगल परत येऊ दिले आणि पक्षी इतके वाढले की, पुढे आरिद, डेनिस अशा बेटांवर त्यांची नवी वस्ती करता आली. बेटाच्या देखभालीचा मोठा भाग पाहुण्यांच्या शुल्कातून निघतो. पाहुणेच गेले नाहीत, तर राखणदारांचे पगार कोठून होणार?

निफाडकर:

कझिनचे उदाहरण आपण दिलेत हे बरे झाले, कारण ते आपल्याच अंगावर येते. त्या बेटाच्या किनाऱ्याला बाहेरची होडी टेकवताच येत नाही. आपली यॉट दूर उभी राहते, बेटाचे राखणदार स्वतःची होडी घेऊन येतात आणि पाहुण्यांना तीत बसवून नेतात. बाहेरच्या होडीतून एखादी गाभण उंदरीण जरी बेटावर उतरली, तरी जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचा निकाल लागायला वेळ लागत नाही, म्हणून हा नियम आहे. म्हणजे ज्या अभयारण्याच्या कौतुकासाठी आपण यॉट घेता, ते अभयारण्य यॉटकडे धोका म्हणून पाहते. प्रालाँहून सकाळी सुटणाऱ्या साध्या होडीनेही तेच बेट, त्याच राखणदारांबरोबर आणि तेच शुल्क भरून पाहता येते. मग आठवड्याची यॉट अभयारण्यासाठी आहे की डेकवर रंगणाऱ्या मैफलीसाठी, हे आपणच ठरवावे.

दुसरा मुद्दा वाऱ्याचा. सेशेल्समध्ये मे ते सप्टेंबर आग्नेयेचे वारे जोरात असतात आणि डिसेंबर ते मार्च वायव्येचे. एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात समुद्र शांत असतो, म्हणूनच आपण तो महिना निवडला असणार. पण समुद्र शांत म्हणजे वारा पडलेला, आणि वारा पडला की शीड गुंडाळून डिझेलवर प्रवास आला. रात्री एसीसाठी जनरेटर चालेल तो वेगळाच.

बरे, आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वरचे काय? गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे साचलेल्या गाळातून तयार झालेले हे पाणथळ महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून नोंदलेली पाणथळ जागा, आहे. थंडीत चापडगावच्या मनोऱ्यावर उभे राहिले की चक्रवाक, थापट्या, तलवार बदके यांचे थवे दिसतात. तेथे भरलेले शुल्कही संवर्धनासाठीच असते आणि विमान लागत नाही.

शिडाची दोरी:

मी मूळची नाशिकरोडची असून सध्या मुंबईच्या बंदरात शिडाच्या नौका चालवते. दोन्ही बाजूंनी यॉटबद्दल बरेच लिहून झाले, पण खरे नुकसान जो करतो त्या नांगराचे नाव कोणी काढलेले नाही. नुसता नांगर नौका धरून ठेवत नाही, त्याच्यामागे पाण्याच्या खोलीच्या तीन ते पाच पट साखळी सोडावी लागते. आठ मीटर पाण्यात ती पंचवीस ते चाळीस मीटर होते आणि तिचा बराचसा भाग तळावर पडून राहतो. रात्रीतून वारा फिरला की नौका नांगराभोवती फिरते, तिच्याबरोबर साखळी तळावरून फरफटत जाते आणि वाटेतले प्रवाळ व सागरी गवत खरवडून काढते. फांद्यांचे प्रवाळ वर्षाला काही सेंटिमीटर वाढते, गोलसर दगडी प्रवाळ तर त्याहूनही बरेच कमी. सकाळी डेकवर चहा घेणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

यावर उपाय आहे. जेथे तळाला कायमचे बांधलेले बोये, म्हणजे पाण्यावर तरंगणारे गोळे, आहेत तेथे नौका बोयालाच बांधायची, आणि नसतील तेथे नांगर केवळ स्वच्छ वाळूत टाकायचा. नौकेवरच्या शौचालयाला साठवण टाकी आहे का आणि ती कोठे रिकामी करतात, हेही आधीच विचारून घ्यावे. मला विचाराल तर मी यॉटच्या बाजूने आहे, परंतु स्किपरला हे प्रश्न न विचारता निघणाऱ्यांच्या बाजूने नाही.

पंचवटीकर:

मला या साऱ्या चर्चेत एक माणूस दिसत नाही, तो म्हणजे तेथला मच्छीमार. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, आणि स्थानिक मच्छीमारांचा त्याला प्रदीर्घ विरोध राहिला. त्यांचा प्रश्न साधा आहे: पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यात जाळे टाकले, तेथे आमच्यावर बंधने येणार आणि बाहेरून आलेला पर्यटक मात्र त्याच पाण्यात बुड्या मारणार, हा कोणता न्याय? सेशेल्स असो वा तारकर्ली, यॉटवर राहणारा पाहुणा खातो-पितो नौकेवर, झोपतो नौकेवर, आणि गावात फार तर नारळपाण्याचे पैसे सोडतो. रिसॉर्टवर टीका करताना भटक्या यांनी हे सोयीस्करपणे वगळले आहे.

सातपूरची सून:

तत्त्वाच्या गोष्टी चालू द्या, पण सहांपैकी बोट कोणाला लागते, हे आधी विचारून घ्या. गंगापूर धरणाच्या बोट क्लबमध्ये तासभर बसून त्याचा अंदाज येत नाही. रस्त्यात गाडी लागली तर उतरता येते, समुद्रात ती सोय नाही. आणि अनामत रकमेतून काही कापले गेले तर ते कोणी सोसायचे, हे निघण्यापूर्वी लेखी ठरवा, नाहीतर परतल्यावर मैत्रीचेच अभयारण्य जाहीर करावे लागेल.

गोदाकाठचा भटक्या:

पंचवटीकर, बाजारहाट बेटांवरच्या दुकानांतून करण्याची आमची तयारी आहे. तरीही नौकेवरचा पाहुणा गावात कमी खर्च करतो, हा आपला मुद्दा उरतोच.

निफाडकरांना उत्तर देताना मात्र मला प्रशांत महासागरातल्या गालापागोस बेटांकडे बोट दाखवावेसे वाटते. तेथे १९५९ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि बेटांची सुमारे ९७ टक्के जमीन त्यात येते. तेथील नौकाप्रवासात पाहुण्यांची रात्र नौकेवर जाते, दिवसा ते अधिकृत मार्गदर्शकाबरोबर लहान गटाने उतरतात, ठरलेल्या पायवाटेवरून चालतात, प्राण्यांपासून दोन मीटर अंतर राखतात आणि परततात. प्रवासी नौकेवर शंभरहून अधिक पाहुणे नेता येत नाहीत. ऑगस्ट २०२४ पासून परदेशी पर्यटकांचे उद्यानशुल्क शंभर डॉलरवरून दोनशे करण्यात आले. ज्या बेटांवर माणसाने मुक्काम करू नये, ती दाखवण्याचा याहून बरा मार्ग मला तरी माहीत नाही. अभयारण्य यॉटला किनाऱ्यापासून दूर उभी करते, यातच माझे म्हणणे सिद्ध होते: दूर उभी राहू शकते म्हणूनच ती चालते, रिसॉर्टला तसे दूर उभे राहता येत नाही.

निफाडकर:

हा युक्तिवाद चांगला आहे, पण गालापागोसचाच पुढचा अध्याय वाचावा. जानेवारी २००१ मध्ये ‘जेसिका’ नावाचे तेलवाहू जहाज सान क्रिस्तोबल बेटाजवळ खडकावर चढले. त्यात बेटांसाठीचे डिझेल तर होतेच, शिवाय एका पर्यटक जहाजासाठी नेले जाणारे जड इंधनही होते. वारे आणि प्रवाह अनुकूल असल्याने बरेचसे तेल खुल्या समुद्राकडे गेले आणि सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास सोडला. तरीही पुढच्या वर्षभरात सांता फे बेटावरच्या समुद्री घोरपडींपैकी सुमारे ६२ टक्के मेल्या, असे तेथे आधीपासून त्यांची मोजणी करीत असलेल्या संशोधकांनी नोंदवले. किनाऱ्याला लागलेले तेल अगदी थोडे होते. समुद्री शेवाळ खाऊन जगणाऱ्या या प्राण्याच्या पोटातले पचनाला मदत करणारे जिवाणू या तेलाने मारले असावेत, असा त्यांचा कयास होता. दूर उभ्या राहणाऱ्या नौकेलाही इंधन पुरवावे लागते आणि ते त्याच पाण्यातून येते.

गोदाकाठचा भटक्या:

ते इंधन रिसॉर्टच्या जनरेटरलाही लागते, आणि प्रालाँच्या आपल्या साध्या होडीलाही. बेत रद्द होणार नाही. मात्र ‘शिडाची दोरी’ यांनी सांगितलेल्या बोयाच्या, वाळूतल्या नांगराच्या आणि साठवण टाकीच्या अटी आम्ही भाडेकरारात लिहून घेणार आहोत आणि रात्री एसी लावणार नाही.

निफाडकर:

अवश्य लिहून घ्या. यॉटच्या इंजिनाला चालू तास मोजणारे मीटर असते. ताबा घेताना आणि परत करताना त्याच्या आकड्याचे छायाचित्र काढून येथे टाकावे, म्हणजे शिडावर किती गेलात आणि डिझेलवर किती, यावर पुढे बोलता येईल.