धागा: पाचवी-सहावीला राष्ट्रीय उद्यान शिकवायचं आहे, काय घ्यावं? (बजेट दीड हजार)

खडूफळा: नमस्कार मंडळी. साकोलीकडची जि. प. शाळा, पाचवी-सहावी मिळून ३४ मुलं, हाताशी आठ तासिका. एकच राष्ट्रीय उद्यान घेऊन त्याचा इतिहास आणि भूगोल सोबत शिकवायचा आहे. प्रोजेक्टर नाही, दुपारी लाईट जाते. दीड हजारात तयार नकाशे घ्यावे, चार्ट घ्यावे की प्रतिकृतीचं सामान? नुसती वाघाची चित्रं चिकटवायची नाहीत.

मोहर्लीगेट: गुरुजी, घ्यायचं काही नाही, पोट्ट्यांना ताडोब्यात न्यायचं. एका जिप्सीत सहा जण, म्हणजे ३४ पोरं आणि दोन शिक्षक सहा जिप्सींत बसतात. मंगळवार टाळा, बंद असते. कोअर, म्हणजे आतलं मुख्य जंगल, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद. मोबाईल आत नेता येत नाही, तेव्हा फोटोचं विसरा.

खडूफळा: भाऊ, दीड हजार. एकूण.

मोहर्लीगेट: लोकवर्गणी काढा ना मग.

सिपनाकाठ: ताडोबा ताडोबा काय लावलं बे सगळ्यांनी. भूगोलच शिकवायचा तर मेळघाट घ्या. नावच घाटांचा मेळ. सिपना, गडगा, खापरा, खंडू, डोलार या सगळ्या नद्या तापीला मिळतात, म्हणजे पाणी अरबी समुद्रात. ताडोब्याची अंधारी वैनगंगेला मिळते, तिथून प्राणहिता, गोदावरी, बंगालचा उपसागर. विदर्भातली दोन जंगलं, पाणी दोन समुद्रांत. जलविभाजक शिकवायला याहून सोपं उदाहरण सापडायचं नाही.

लगदा_आणि_खळ: प्रतिकृती करणार असाल तर मैदा-मिठाच्या गोळ्याच्या नादी लागू नका. प्रमाण सगळे सांगतात, दोन वाट्या मैदा, एक मीठ, एक पाणी. पुढचं कोणी सांगत नाही. थर बोटभर झाला की वरून वाळतो, आतून ओला राहतो आणि तडकतो. पावसाळ्यात मीठ ओल धरते, रंगाचे पोपडे निघतात. उरलेलं उंदीर खातात. रद्दीचा लगदा करा: कागद रात्रभर भिजवा, कुटा, पिळा, खळ आणि मेथीची पूड घाला. किडीसाठी काही जण मोरचूद घालतात, ते विष आहे, मुलांच्या हाती नको.

पुठ्ठेवाला: लगद्यात उंची नीट मोजता येत नाही. खोक्याचा पुठ्ठा घ्या, किराणा दुकानात फुकट मिळतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या पोर्टलवरून १:५०,००० चा स्थलदर्शक नकाशा उतरवा, त्यावर १ सेमी म्हणजे ५०० मीटर. समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) २० मीटरला असतात, त्यातली दर पाचवी जाड रेषाच ट्रेस करा, म्हणजे १०० मीटरचा एक थर. मेळघाटातलं वैराट शिखर ११७८ मीटर. पायथ्यापासून ८०० मीटरचा चढ धरला तर या प्रमाणात तो जेमतेम १.६ सेमी भरतो, पोळीसारखा दिसतो. म्हणून उंची तिप्पट धरा: एका थराला ६ मिमी, म्हणजे ३ मिमीचे दोन पुठ्ठे. उंची वाढवली आहे हे प्रतिकृतीवर लिहा, नाहीतर पोरांना सातपुडा हिमालय वाटतो. पाण्याच्या डिंकाने पुठ्ठा वाकतो, रात्रभर विटा ठेवा. प्रिंट काढताना ‘पानात बसवा’ दाबलं की प्रमाण बिघडतं. १:५०,००० वर विसंबू नका, खालची रेषापट्टी मोजा.

लगदा_आणि_खळ: मी वर तेच सांगितलं, मैदा नको.

पुठ्ठेवाला: मी मैद्याचं बोललोच नाही.

जुनी_वही: इतिहासाचं कोणी बोलून नाही राहिलं. भारतातलं पहिलं १९३६ चं, हेली नॅशनल पार्क, आजचं कॉर्बेट. ताडोबा १९५५ चं. तेव्हा महाराष्ट्र जन्मायचा होता, चांदा (आजचा चंद्रपूर) जिल्हा मध्य प्रदेशात आणि राजधानी नागपूर. पोरांना हे सांगितलं की ती विचारतात, मग राज्य बदललं तर जंगल कोणाचं? तिथून धडा आपोआप सुरू होतो.

मोहर्लीगेट: पण राष्ट्रीय उद्यानं १९७३ पासून ना?

जुनी_वही: तो व्याघ्रप्रकल्प, १ एप्रिल १९७३. वन्यजीव कायदा १९७२ चा. अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान आणि व्याघ्रप्रकल्प या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. अभयारण्यात काही हक्क चालू ठेवता येतात, राष्ट्रीय उद्यानात गुरं चारणं बंद. ताडोबा उद्यान ११६.५५ चौ. किमी, अंधारी अभयारण्य १९८६ चं, आणि दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प १९९५ ला. बाजारातल्या चार्टांवर तिन्हींची सरमिसळ असते, म्हणून चार्ट घेऊच नका.

धानपट्टा: आणि आतून उठवलेली गावं? तीही इतिहासातच येतात. वर्गात एखादं पोर त्याच घरचं असू शकते, शब्द जपून वापरा.

मोहर्लीगेट: वाघ दिसला की पोरं बाकी सगळं विसरतात हो.

खडूफळा: सगळ्यांचे आभार. ठरलं. ताडोबा नाही, मेळघाट नाही, पुठ्ठा नाही, लगदाही नाही. नवेगाव घेतो. १९७५ चं उद्यान, १३३.८८ चौ. किमी. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ बाय १०, म्हणजे १३० चौ. मी. एक किलोमीटरला एक मीटर धरला तर उद्यान जवळपास कबड्डीच्या मैदानाएवढं होते. आकार मात्र चौकोनी नाही, म्हणून चारही बाजूंनी जागा मोकळी ठेवणार. पोरांना आलेखकागदावर १ सेमी = १ किमी अशी हद्द काढायला लावतो, बाहेर खुंट्या-सुतळीने मीटर-मीटरचे चौकोन आणि चौकोन पाहून फक्कीने हद्द. मग चौकोन मोजायचे, अर्ध्याहून मोठा तुकडा एक धरायचा. १३० ते १३८ मध्ये आलं तर आखणी जमली. नवेगावचा तलाव निळ्या रांगोळीने. त्यावरून तो बांधणारे कोलू पाटील कोहळी आणि अठराव्या शतकातलं तळं बांधणं, तो इतिहासाचा भाग. शेवटच्या तासाला २०१३ चा नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प. खर्च दोन गोण्या फक्की, सुतळी, रांगोळी.

पुठ्ठेवाला: उंची कशी दाखवणार?

खडूफळा: तलावाभोवतीच्या टेकड्यांना मुरमाचे ढीग, त्यावर पोरं उभी राहतील.

लगदा_आणि_खळ: फक्की म्हणून कळीचा चुना देतील दुकानात, घेऊ नका. पाय भाजतात, डोळ्यात गेला तर दवाखाना. आणि आखण्याआधी जमिनीवर पाणी मारा, नाहीतर वाऱ्याने उडते.

सिपनाकाठ: सपाट मैदानावर भूगोल. मेळघाट घेतला असता तर बरं झालं असतं.

मोहर्लीगेट: नवेगावला सफारीचं बुकिंग लवकर मिळते. सहा जिप्सी.